ऐकण्याचे पाप, लढण्याचे कर्तव्य

९ मे १९७० रोजी 'अमेरिकन वुमन' हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. पाचच दिवस आधी ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या जवानांनी गोळीबार केला होता आणि त्यात चार विद्यार्थी ठार झाले होते. गाणे होते 'द गेस हू' या कॅनडातल्या विनिपेगच्या बँडचे. त्यातली 'अमेरिकन बाई' खरोखरची बाई आहे, की व्हिएतनाममध्ये लढणारी अमेरिका, यावर बँडमध्येच एकमत नव्हते. आपल्या मनात राजकारण नव्हते, असे गायक बर्टन कमिंग्ज सांगत आला. गिटारवादक रँडी बाकमन मात्र त्याला युद्धविरोधी निषेधगीत म्हणत आला. त्या मे महिन्यात श्रोत्यांनी बाकमनचा अर्थ उचलला.

हा बाकमन मॉर्मन होता. दारू नाही, तंबाखू नाही, अमली पदार्थ नाहीत. चहा-कॉफीसुद्धा नाही, असे ज्या पंथाचे नियम, त्या पंथाचा तो अनुयायी. आजारपण आणि बँडमधल्या इतरांच्या राहणीशी न जमणे, या दोन कारणांनी तो बाहेर पडला. १६ मे रोजी, म्हणजे गाणे पहिल्या क्रमांकावर असतानाच, त्याने बँडबरोबरचा शेवटचा कार्यक्रम केला. दोन महिन्यांनी 'द गेस हू'ला व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावले गेले, तेव्हा 'अमेरिकन वुमन' तेवढे वाजवू नका, असे त्यांना सांगण्यात आले.

त्याच निक्सन यांच्या जानेवारी १९६९मधल्या शपथविधीला सॉल्ट लेक सिटीहून आलेला मॉर्मन टॅबरनॅकल क्वायर गायला होता. या गायकवृंदाची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे १९५९ची 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक'. अमेरिकन यादवी युद्धात लिहिले गेलेले हे रणगीत. त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि चर्चचा गायकवृंद लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जाऊन बसला.

एकाच पंथाची ही दोन गाणी शेजारी ठेवली की प्रश्न पडतो. १९६० आणि ७०च्या दशकांत मॉर्मन धर्मनेत्यांनी रॉक संगीताविरुद्ध वारंवार, नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत बजावले. त्याच काळात चालू असलेल्या युद्धाबद्दल मात्र त्यांची भाषा सावध होती: सरकार बोलावील तेव्हा जा, बाकीचे ज्याचे त्याने पाहावे. गाणे ऐकणे हा नैतिक प्रश्न आणि माणूस मारणे हा नागरी कर्तव्याचा प्रश्न, अशी विभागणी कशी झाली? तिला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या पंथाने बाकमनही घडवला आणि तो गायकवृंदही, त्याचे आतले तर्कशास्त्र त्याहून गुंतागुंतीचे आहे.

पंथ आणि त्याचा इतिहास

मराठी वाचकाची मॉर्मनांशी पहिली भेट बहुधा शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत होते. १८८७च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये कॉनन डॉइलने युटाच्या वाळवंटात सूडाची, बहुपत्नीत्वाची आणि दहशतीची कथा बेतली. ती बरीचशी ऐकीव होती. खरा इतिहास असा की, जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. बायबलच्या जोडीला 'बुक ऑफ मॉर्मन' हा नवा धर्मग्रंथ आला. शेजाऱ्यांशी खटके उडत गेले. मिसुरीच्या गव्हर्नरने १८३८मध्ये या लोकांना राज्याबाहेर हाकला किंवा संपवा, असा हुकूम काढला. १८४४मध्ये इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाने स्मिथला ठार केले. ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आज जगभर या चर्चचे सुमारे पावणेदोन कोटी सदस्य आहेत. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नये, असे चर्च २०१८पासून आग्रहाने सांगते. इथे ते केवळ सोयीसाठी वापरले आहे.

हिंसेशी या पंथाचे नाते दोन्ही बाजूंचे आहे. ज्या देशात आपला छळ झाला, त्याच देशाच्या सैन्यात १८४६मध्ये सुमारे पाचशे मॉर्मन पुरुष मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी भरती झाले. सप्टेंबर १८५७मध्ये केंद्राचे सैन्य युटावर चालून येत असताना दक्षिण युटातल्या मॉर्मन स्वयंसेवकांनी माउंटन मेडोज इथे कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. छळ सोसलेला समाज स्वतः काय करू शकतो, याची ती जखम पंथाच्या आठवणीत कायम राहिली.

संगीताचे त्यांना वावडे कधीच नव्हते. ब्रिगहॅम यंगला नाच आणि नाटक प्रिय होते. १८६२मध्ये सॉल्ट लेक सिटीत मोठे नाट्यगृह उभे राहिले, तेव्हा शहर वसून जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. गायकवृंदाचा साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम जुलै १९२९पासून सुरू आहे. तेव्हा रॉकला झालेला विरोध हा गाण्या-नाचण्याला झालेला विरोध नव्हता. गाण्याची ताकद ज्यांना चांगली ठाऊक होती, अशा लोकांनी केलेला तो विरोध होता.

निवडीचे स्वातंत्र्य

मॉर्मन धर्मविचाराच्या मुळाशीच एक युद्ध आहे. त्यांच्या श्रद्धेनुसार पृथ्वीवर जन्म घेण्यापूर्वी सर्व आत्मे ईश्वराजवळ होते. सगळ्यांचा उद्धार सक्तीने करावा, कुणाला चुकण्याची मुभाच नसावी, अशी योजना सैतानाने मांडली. माणसाला चांगले-वाईट निवडण्याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. त्यावरून स्वर्गात युद्ध झाले आणि सैतानाची बाजू हरली. या निवडीच्या स्वातंत्र्याला मॉर्मन विचारात फार वरचे स्थान आहे. ते हिरावून घेणारी प्रत्येक गोष्ट त्यांना सैतानाच्या जुन्या योजनेची नवी आवृत्ती वाटते.

ही किल्ली हाती आली की दोन्ही भूमिकांची कुलुपे उघडतात. साम्यवाद हा त्यांच्या लेखी सक्तीचा उद्धार होता. म्हणून त्याच्याविरुद्धचे युद्ध हे स्वातंत्र्यासाठीचे युद्ध ठरले. अमली पदार्थ, व्यसन, बेभान करणारा ठेका यांमुळे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो. म्हणून रॉक संगीतही त्याच स्वातंत्र्यावरचे आक्रमण ठरले. एक शत्रू सीमेपलीकडे होता आणि दुसरा मुलांच्या खोलीतल्या रेकॉर्ड प्लेअरवर फिरत होता. पण लढाई एकच होती.

मात्र धर्मग्रंथांतून युद्धाबद्दल एकच एक उत्तर मिळत नाही. 'बुक ऑफ मॉर्मन'मध्ये सेनापती मोरोनी आहे. तो आपल्या फाटक्या अंगरख्याचा झेंडा करतो आणि धर्म, घर, स्वातंत्र्य यांसाठी लोकांना लढायला बोलावतो. त्याच ग्रंथात असे एक लोक आहेत, ज्यांना पूर्वीच्या रक्तपाताचा पश्चात्ताप होतो. ते आपली शस्त्रे जमिनीत खोल पुरतात आणि शत्रू चालून आल्यावर हात न उचलता मरण पत्करतात. पुढे त्यांचेच दोन हजार तरुण मुलगे शस्त्र हाती घेतात आणि ग्रंथ त्यांचाही गौरव करतो. ऑगस्ट १८३३मध्ये, मिसुरीत जमाव घरे पाडत असताना, स्मिथला झालेला साक्षात्कार युद्धाचा त्याग करून शांतीची घोषणा करायला सांगतो. आणि १८४२मध्ये लिहिलेल्या तेरा श्रद्धासूत्रांपैकी बारावे सूत्र राज्यकर्त्यांच्या अधीन राहण्याचा व कायदा पाळण्याचा धर्म सांगते. यांतले कोणते वचन कधी पुढे आणायचे, याचा निर्णय नेत्यांच्या हाती राहिला.

एप्रिल १९४२ आणि ऑक्टोबर १९४२

विसाव्या शतकातली पायाभूत भूमिका ठरली ती दुसऱ्या महायुद्धात. या चर्चच्या शिरोभागी अध्यक्ष आणि त्याचे दोन सल्लागार असे प्रथम अध्यक्षमंडळ असते आणि त्याखाली बारा प्रेषित. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, सर्वसाधारण अधिवेशन भरते. एप्रिल १९४२च्या अधिवेशनात अध्यक्षमंडळाचा संदेश वाचला गेला. चर्च युद्धाच्या विरोधात आहे आणि असलेच पाहिजे, असे त्यात ठामपणे म्हटले होते. पण पुढचे पाऊल वेगळे होते. राज्यसंस्थेने बोलावले तर सदस्याने गेले पाहिजे. आज्ञेवरून लढताना त्याच्या हातून कोणी मेला, तर त्या हत्येचा दोष त्याच्यावर नाही. तो युद्ध लादणाऱ्या राज्यकर्त्यांवर आहे.

या मांडणीने हजारो सैनिकांना दिलासा दिला असणार. चर्चचे सदस्य दोन्ही बाजूंच्या सैन्यांत होते आणि सीमेपलीकडच्या बंधूला खुनी न ठरवण्याची उदारताही तिच्यात होती. पण तिने एक मोठी गोष्ट केली. युद्धातल्या कृतीचा नैतिक भार व्यक्तीवरून उचलून राज्यकर्त्यांवर ठेवला. निवडीचे स्वातंत्र्य ज्या पंथाला सर्वाधिक प्रिय, त्या पंथाने माणसाच्या आयुष्यातली सर्वांत भयंकर निवड त्याच्या हिशेबातून वजा केली.

त्याची किंमत काय असू शकते, ते त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये दिसले. हेल्मुट ह्युबनर हा मॉर्मन मुलगा चोरून बीबीसी ऐकत असे. नाझी जर्मनीत शत्रूचा रेडिओ ऐकणे हा गुन्हा होता. त्याने ऐकलेल्या बातम्यांवरून हिटलरविरोधी पत्रके टंकलिखित केली आणि मित्रांच्या मदतीने वाटली. तो पकडला गेला. त्याच्या मंडळीचा स्थानिक प्रमुख नाझी पक्षाचा होता. त्याने ह्युबनरला बहिष्कृत केले. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्लिनच्या प्लॉट्झेनझे तुरुंगात वयाच्या सतराव्या वर्षी ह्युबनरचा शिरच्छेद झाला. युद्ध संपल्यावर चर्चने तो बहिष्कार रद्द केला. तरी बारावे सूत्र आणि ह्युबनरची पत्रके यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मिटला नाही. १९७६मध्ये चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात त्याच्यावरचे नाटक रंगमंचावर आले आणि गाजले; मात्र त्याचे पुढचे प्रयोग चर्चच्या नेत्यांनी थांबवले. सरकारला न जुमानणारा हुतात्मा अडचणीचा होता.

याच नेतृत्वात जे. रूबेन क्लार्कही होते. अध्यक्षमंडळातले सल्लागार आणि मेक्सिकोतले अमेरिकेचे माजी राजदूत. राजकारणाने कडवे परंपरावादी, पण युद्धाच्या बाबतीत शांततावादाकडे झुकलेले. शांततेच्या काळातल्या सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाला अध्यक्षमंडळाने डिसेंबर १९४५मध्ये लेखी विरोध केला. ऑक्टोबर १९४६च्या अधिवेशनात क्लार्क यांनी जपानवरच्या अणुबाँबचा आणि शहरेच्या शहरे बेचिराख करणाऱ्या युद्धपद्धतीचा जाहीर निषेध केला. विजयाच्या उन्मादातून देश अजून बाहेर आला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. म्हणजे राज्यकर्त्यांना खडे बोल सुनावण्याची परंपरा या पंथात नव्हती, असे नाही.

व्हिएतनाम आणि गिटार

व्हिएतनामपर्यंत क्लार्क यांचा स्वर मागे पडला होता. चर्चमधला बुलंद राजकीय आवाज होता एझ्रा टॅफ्ट बेन्सन यांचा. प्रेषित असतानाच ते १९५३ ते १९६१ आयझेनहॉवर यांचे कृषिमंत्री होते आणि साम्यवादविरोध हे त्यांचे जीवितकार्य झाले होते. एप्रिल १९६८च्या अधिवेशनात बॉइड पॅकर यांनी सैन्यात जाणाऱ्या सदस्यांवर भाषण केले. बोलावणे आल्यावर जाणे हे त्यांच्या दृष्टीने सन्मानाचे होते. धर्मप्रचाराला जाणाऱ्या तरुणांना सक्तीच्या भरतीतून तात्पुरती सूट मिळे. पण तिचा गैरवापर होऊ नये म्हणून, वॉर्ड म्हणजे स्थानिक मंडळी, अशा प्रत्येक वॉर्डातून ठरावीक संख्येनेच प्रचारक पाठवण्याचे चर्चने मान्य केले. बाकीच्यांना खाकी वर्दी होती. युद्धाला सद्सद्विवेकाने नकार देण्याचा मार्ग चर्चने बंद केला नाही. पण तो नकार ज्याचा त्याचा असेल, चर्चचे सदस्यत्व हे त्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले.

रॉकबद्दल असे काही ज्याच्या त्याच्यावर सोडलेले नव्हते. १९६५मध्ये तरुणांसाठी आचारपुस्तिका निघाली. तिच्यात पोशाखापासून नाचापर्यंत सूचना होत्या. ऑक्टोबर १९७१च्या अधिवेशनात बेन्सन यांनी तरुणांवरच्या सैतानी हल्ल्याविषयी बोलताना रॉक संगीत आणि रॉक मेळावे यांचा कडक शब्दांत समाचार घेतला. ऑक्टोबर १९७३मध्ये पॅकर यांनी संगीतावरच भाषण केले. मन हा रंगमंच आहे. त्यावर घाणेरडा विचार शिरला तर मनातल्या मनात एखादे आवडते स्तोत्र म्हणा, तो विचार आपोआप विंगेत निघून जाईल, असा त्यांचा उपदेश होता. तो आजही मॉर्मन घरांत सांगितला जातो. कर्कश रॉक हे त्याच्या नेमके उलटे: वाईट विचारासाठी रंगमंच मोकळा करून देणारे.

दाढी आणि लांब केसही यातून सुटले नाहीत. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे अध्यक्ष डॅलिन ओक्स यांनी १९७१मध्ये त्यावर लिहिले. दाढी स्वतःत वाईट नाही, पण आज ती बंडाची आणि अमली पदार्थांच्या संस्कृतीची खूण झाली आहे, अशी त्यांची बाजू होती. ज्याच्या नावाचे विद्यापीठ, तो यंग स्वतः दाढीवाला, हा विनोद विद्यार्थ्यांनी तेव्हापासून जपला आहे. पण ओक्स यांचे म्हणणे लक्षात घेण्यासारखे आहे. रॉक, केस, नशा आणि युद्धविरोध हे एकाच गाठोड्यात आले होते. गाठोडे नाकारताना त्यातला युद्धविरोधही नाकारला गेला. त्याचा स्वतंत्रपणे विचार करायला जागाच उरली नाही.

ही भीती अगदीच निराधार होती, असेही म्हणता येणार नाही. डिसेंबर १९६९मध्ये कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँटच्या मैफलीत मंचासमोर खून झाला. वर्षभराच्या आत, सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९७०मध्ये, जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन हे दोघे सत्तावीस वर्षांचे कलावंत नशेपायी गेले. बाकमनने 'द गेस हू' सोडली, ती याच राहणीला कंटाळून. पुढे 'बाकमन-टर्नर ओव्हरड्राइव्ह' या आपल्या बँडमध्ये त्याने दारू आणि नशेला मज्जाव केला आणि १९७४मध्ये पुन्हा बिलबोर्डचा पहिला क्रमांक गाठला. धर्मनेत्यांनी सांगितलेला संयम पाळूनही जोरदार रॉक वाजवता येतो, हे त्याने दाखवून दिले.

पॅकर यांनी एका भाषणात आपल्या थोरल्या भावाची आठवण सांगितली आहे. तो दुसऱ्या महायुद्धात युरोपवर बी-२४ बॉम्बर चालवत असे. भोवती तोफांचा मारा सुरू असताना धीर कसा टिकवतोस, असे त्यांनी विचारले. आपले एक आवडते स्तोत्र आहे, ते मनात धरून ठेवतो आणि मग विमानाची इंजिनेच ते गाऊ लागल्यासारखे वाटते, असे भावाने सांगितले. आठवण हृद्य आहे आणि मरणाच्या छायेतल्या माणसाला गाणे काय देऊ शकते, हे ती खरेपणाने सांगते. पण तिच्यात आपल्या विषयाचे मर्मही आहे. विमानातल्या मनाची शुचिता हा धर्माचा प्रश्न आहे. विमानाखालचे शहर हा प्रश्न राज्यकर्त्यांचा आहे.

तरी पंथात दुसरा सूर होताच. विद्वान ह्यू निब्ली महायुद्धात पॅराशूट दलाच्या गुप्तवार्ता विभागात होते आणि नॉर्मंडीच्या चढाईत युटा बीचवर उतरले होते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला, आणि तो धर्मग्रंथांच्याच आधाराने. जून १९७६मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या ऐन उत्सवात, चर्चचे अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी खोट्या देवांवर लेख लिहिला. आपण युद्धखोर लोक आहोत, संकट आले की देवाऐवजी जहाजांवर, विमानांवर आणि क्षेपणास्त्रांवर विसंबतो, असे त्यांनी आपल्याच लोकांना सुनावले.

अंगणात आलेले युद्ध

किंबल यांच्या या शब्दांची परीक्षा पाच वर्षांनी झाली. युटा आणि नेवाडाच्या वाळवंटात २०० एमएक्स क्षेपणास्त्रे ठेवायची, त्यांच्यासाठी ४,६०० आसरे बांधायचे आणि कोणत्या आसऱ्यात खरे क्षेपणास्त्र आहे हे सोव्हिएत युनियनला कळू नये म्हणून ती हलवत राहायची, अशी हवाई दलाची योजना होती. ५ मे १९८१ रोजी प्रथम अध्यक्षमंडळाने निवेदन काढून तिला विरोध केला. आपले पूर्वज इथून शांतीचा संदेश जगभर नेण्यासाठी या भूमीत आले. तिथेच महाविनाशाचा तळ व्हावा, हा दैवदुर्विलास आहे, अशी त्यांची भूमिका होती. ऑक्टोबरमध्ये रेगन यांनी ती योजना सोडून दिली. त्या निर्णयामागे खर्च, लष्करी शंका, शेतकरी आणि मूलनिवासी यांचा विरोध अशी अनेक कारणे होती. पण रेगन यांना भरभरून मते देणाऱ्या राज्यातल्या चर्चचा विरोध हलक्यात घेण्यासारखा नव्हता.

हे आपल्या अंगणापुरते होते का? टीकाकार तसे म्हणतात. पन्नास एमएक्स क्षेपणास्त्रे पुढे वायोमिंगमध्ये 'पीसकीपर', म्हणजे शांतिरक्षक, या नावाने बसवली गेली. निवेदनात मात्र म्हटले होते की, असा साठा देशात कुठेही झाला तरी आमची भावना हीच असेल. शिवाय या अंगणाला अनुभव होता. १९५१ ते १९६२ या काळात नेवाडाच्या चाचणीक्षेत्रात वातावरणात शंभर अणुस्फोट झाले. त्यांची धूळ पूर्वेकडे दक्षिण युटातल्या सेंट जॉर्जसारख्या मॉर्मन गावांवर पडली. धोका नाही, असे सरकारने सांगितले आणि बारावे सूत्र मानणाऱ्या लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. पुढे कर्करोगाच्या कहाण्या घराघरातून बाहेर येऊ लागल्या. १९९०मध्ये संसदेने भरपाईचा कायदा करून माफी मागितली. राज्यकर्त्यांवर भार टाकून निश्चिंत राहता येत नाही, हा धडा या गावांनी आपल्या अंगावर घेतला.

गाण्यातून परत आलेला प्रश्न

रॉकशी चर्चचे भांडण हळूहळू निवळले. त्यात युटातल्या ऑगडेनच्या ऑसमंड बंधूंचा वाटा आहे. १९७२च्या 'क्रेझी हॉर्सेस'मध्ये त्यांनी कर्कश गिटारींवर मोटारींच्या धुराबद्दल गायले आणि १९७३च्या 'द प्लॅन' या अल्बममध्ये थेट मॉर्मन धर्मविचार रॉकमध्ये आणला. पुढे 'द किलर्स'चा ब्रँडन फ्लॉवर्ससारखा श्रद्धावान मॉर्मन जगभरची मैदाने भरवू लागला.

पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा बँड मिनेसोटातल्या डुलुथचा. ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर हे मॉर्मन जोडपे १९९३पासून 'लो' या नावाने अतिशय संथ, कमीत कमी वाद्यांचे संगीत करत होते. मार्च २००७मध्ये, इराक युद्ध चालू असताना, त्यांचा 'ड्रम्स अँड गन्स' हा अल्बम आला. त्यात घोषणा नाहीत, कोणत्या अध्यक्षाचे नाव नाही. पहिले गाणे सैनिकांपासून सुरू होते आणि सगळ्यांच्या मरणापर्यंत जाते. नवरा-बायकोचे आवाज प्रार्थनेत मिसळावेत तसे एकमेकांत मिसळतात, आणि ते विचारतात हिंसेबद्दल: आपल्या आत ती कुठे असते, श्रद्धा असलेल्या माणसाच्याही आत? पॅकर यांच्या भावाने स्तोत्राचा उपयोग युद्धात मन शांत ठेवण्यासाठी केला. 'लो'ने स्तोत्राच्याच चालीने मन अस्वस्थ केले. पार्कर नोव्हेंबर २०२२मध्ये वारल्या.

इराकबाबत चर्चची भाषा पुन्हा सावध होती. ऑक्टोबर २००२मध्ये प्रेषित रसेल नेल्सन यांनी शांतीचे पुरस्कर्ते व्हा, असे भाषण केले. वृत्तसंस्थांनी त्याचा अर्थ युद्धविरोध असा लावताच चर्चने खुलासा केला की, तसे नाही. ६ एप्रिल २००३ रोजी, सैन्य बगदादच्या वेशीवर असताना, अध्यक्ष गॉर्डन हिंकली युद्ध आणि शांतता या विषयावर बोलले. आपला वैयक्तिक कल देशाच्या नेत्यांच्या बाजूने असल्याचे त्यांनी सांगितले. वेगळे मत असणाऱ्यांचा हक्कही मान्य केला. आणि सैनिकावर दोष येत नाही, हे १९४२चे सूत्र त्यांनी पुन्हा मांडले.

मॉर्मन मंदिरात प्रवेश हवा असेल तर ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. चर्चने ऑक्टोबर २०१९मध्ये ते प्रश्न जाहीर केले. श्रद्धा, प्रामाणिकपणा, लैंगिक शुचिता, उत्पन्नाचा दशांश, दारू-तंबाखू-चहा-कॉफीपासून दूर राहणे हे सगळे त्यांत आहे. युद्धाबद्दल एकही प्रश्न नाही. २०२२मध्ये तरुणांची आचारपुस्तिका नव्याने लिहिली गेली. हे करा, ते करू नका, अशा याद्या कमी झाल्या आणि तत्त्व समजून घेऊन स्वतः निवडा, असा सूर आला. म्हणजे व्हिएतनामच्या काळात नियमांच्या कुंपणात असलेले संगीत अर्ध्या शतकाने सद्सद्विवेकाच्या हवाली झाले. युद्ध तिथे आधीपासूनच होते.

दोन्ही आता एकाच जागी आहेत, पण दोघांची स्थिती सारखी नाही. गाण्याबाबत मॉर्मन तरुणाच्या विवेकाला पन्नास वर्षांची तालीम मिळाली आहे. घरी, मंडळीत, अधिवेशनात त्याला पुन्हा पुन्हा विचारले गेले: हे ऐकून तुझ्या मनाचे काय होते? त्याने सहमत व्हावे वा न व्हावे, उत्तर शोधण्याची सवय त्याला लागली. युद्धाबाबत त्याला सांगितले गेले ते एवढेच, की दोष तुझ्यावर येणार नाही. ज्या विवेकाला कधी प्रश्नच विचारला गेला नाही, तो बोलावणे आलेल्या दिवशी अचानक उत्तर कुठून देणार? ह्युबनरने दिले, क्लार्क यांनी दिले, निब्लींनी दिले. ते तिघेही त्याच धर्मग्रंथांवर वाढलेले होते. म्हणजे उत्तराची सामग्री त्या परंपरेत आहे. जमिनीत पुरलेल्या शस्त्रांची कथा तिच्याच ग्रंथात आहे.